मधलं पाणी

तंगूस तो हातांनी मोजतो. एक टोक डाव्या मुठीत, उजवा हात ताणून लांब. दोन्ही हातांच्या पसाऱ्यात मावली ती एक वाव. मे महिन्यातली सकाळ, साडेपाचचा सुमार, भिवंडीतल्या वऱ्हाळा तलावाचा काठ. एक वाव मोजून झाली की तो आणखी हातभर तंगूस सोडतो आणि तिथे सुती दोऱ्याची बारीक गाठ मारतो. गाठीखाली मणी, मण्याखाली बूच, बुचाखाली शिसं आणि शेवटी गळ. बूच घट्ट बांधलेलं नसतं, तंगुशीवर सरकतं. फेकताना ते घसरून शिशापाशी येतं, म्हणून लांबची फेक साधते. पाण्यात पडल्यावर शिसं तंगूस खाली ओढत नेतं, गाठ मण्याला येऊन अडते, आडवं पडलेलं बूच उभं राहतं. गळ तेव्हा तळाला टेकलेला नसतो आणि पाण्याच्या पृष्ठावरही नसतो. एक वाव नि हातभर खोलीवर तो थांबलेला असतो.

पायऱ्यांवर बसलेली पोरं काठालगत गळ टाकतात. गांडूळ किंवा पावाचा तुकडा, समोरच हातभर पाणी, चिलापी पटापट लागते. याची फेक मात्र तलावाच्या मोकळ्या अंगाला जाते. तिथे जलपर्णी नाही, दगड नाही, बुडालेलं झाड नाही, पायरी नाही. नुसतं पाणी. नवा बघणारा हमखास विचारतो, की तिथे काय आहे?

तिथे मासा आहे. कशालाही न टेकता, कशाच्याही आडोशाला न जाता, पाण्याच्या मधोमध थांबलेला.

मराठीला पाण्याच्या दोन बाजू चांगल्या ठाऊक आहेत: तळ आणि काठ. एखादी गोष्ट नीट उमगली की तिचा ठाव लागला म्हणतात, उमगली नाही की थांग लागत नाही. संकटातून निभावलेला माणूस काठाला लागतो, हाती घेतलेलं काम तडीला जातं. ठाव, थांग, तड, तीर, काठ अशी शब्दांची केवढी तरी मालमत्ता आपण या दोन कडांवर साठवली आहे. त्या कडांच्या मधे जे पाणी आहे, म्हणजे खरं तर जवळजवळ सगळंच पाणी, त्याच्या वाट्याला काय आलं? गटांगळ्या खाणं आणि अधांतरी लटकणं. माणसाच्या बाजूने हे बरोबर आहे, कारण मधल्या पाण्यात माणसाला राहता येत नाही. तो तिथून वर तरी येतो, नाहीतर खाली तरी जातो. पण माशाच्या बाजूने पाहिलं तर भाषेने इथे घाई केली असं वाटतं. अधांतरी हा त्याचा पत्ता आहे, आणि तो पत्ता वीतभर सुद्धा चुकून चालत नाही इतका नेमका असतो.

मासा अधांतरी कसा राहतो, हे किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी हाताळून जाणलेलं आहे. माशाच्या पोटात कण्याखाली हवेने भरलेली एक पांढुरकी पिशवी असते. तिला ते बोत म्हणतात. घोळ माशाचं बोत तर सोन्याच्या मोलाचं. २०२१ च्या ऑगस्टअखेर पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका होडीच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळ सापडले आणि त्या एका खेपेचं मोल एक कोटीच्या पुढे गेलं. त्यात मांसाचा वाटा थोडा, बोताचा फार. वाळवलेली बोतं पूर्व आशियात जातात, तिथे त्यांचं सूप होतं. बोतापासून काढलेला चिकट पदार्थ दारू नितळ करण्यासाठी वापरला गेला आहे. त्या बातम्या वाचताना बोताची किंमत सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्याचं काम फारसं कुणी सांगितलं नाही.

काम साधं आहे. माशाचं हाड-मांस पाण्यापेक्षा जड. पिशवी नसती तर प्रत्येक माशाला सतत पर हलवत, पोहत राहावं लागलं असतं, नाहीतर तो तळाला बसला असता. बोतातल्या वायूने वजनाचा तो फरक भरून निघतो आणि मासा एका खोलीवर जवळजवळ फुकट उभा राहतो. मात्र खोली बदलली की हिशेब बदलतो. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. पृष्ठावरची पिशवी दहा मीटरवर दाबून निम्मी होते, आणि तिथला मासा झटक्यात वर ओढला तर तिचा आकार दुप्पट होऊ पाहतो. कटला, रोहू यांच्या बोताला घशाकडे जाणारी नळी असते, त्यांना हवा गिळता आणि सोडता येते. जिताड्याची पिशवी मोठेपणी बंद असते. तिच्यात वायू भरायचा किंवा काढायचा तो रक्तावाटे, सावकाश. म्हणून मधल्या पाण्यात लटकलेला मासा आपला थर सहसा सोडत नाही. हिंडतो तो आडवा. गळ दोन हात खाली पडला तर तो त्याच्यासाठी शेजारच्या गावात पडल्यासारखा आहे. आणि दहा हात बाजूला पण त्याच थरात पडला, तर वाटेवर पडला.

वऱ्हाळ्याच्या काठावरचा हा माणूस यंत्रमागाचा जॉबर होता. मागाला काय झालं ते आवाजावरून ओळखायचं आणि पाना घेऊन आडवं पडायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. घर खाडीकाठच्या काल्हेरचं, वडील मासेमारीवाले, पण त्याच्या उमेदीच्या वर्षांत शहरात मागांचा खडखडाट रात्रंदिवस चालायचा आणि पगार मागांत होता. आता कान मंदावले आहेत. बुचाकडे मात्र तो अजून कान दिल्यासारखाच बघतो, मान थोडी तिरकी करून.

त्याला विचारलं की खोली कशी ठरवतोस, तर तो मागाची गोष्ट सांगतो. मागावर ताण्याचे धागे दोन थरांत उघडतात. अर्धे वर जातात, अर्धे खाली. मधे जी फट पडते तिच्यातून धोटा जातो. फट जरा वर-खाली झाली, एखादा धागा सैल राहिला, की धोटा अडखळतो किंवा उडून बाहेर येतो, आणि उडालेल्या धोट्याने माणसाला जायबंदी केल्याचं त्याने पाहिलेलं आहे. कापड कुठे विणलं जातं? त्या मधल्या फटीत. वरच्या थरात नाही, खालच्यात नाही. पाण्यालाही अशी फट असते, ती शोधायची, एवढंच तो म्हणतो.

आणि ती असते. उन्हाळ्यात तलावाचं पाणी एकसारखं राहत नाही. वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या गारव्यावर साय धरल्यासारखं पसरून राहतं. आपल्याकडे हे थर विशेष घट्ट बसतात. पाणी चार अंशांवरून पाच अंशांवर गेलं तर त्याच्या घनतेत जो फरक पडतो, त्याच्या तीसपटींहून जास्त फरक ते एकोणतीसवरून तीसवर जाताना पडतो. म्हणजे थंड देशातल्या सरोवरात ज्याची दखलही घ्यायला नको, तेवढ्या एका अंशाच्या फरकावर भिवंडीच्या मे महिन्यात एक थर दुसऱ्यापासून वेगळा राहू शकतो. वारा पडलेला असेल तर दिवसभर ते एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थराला वरची हवा मिळेनाशी होते. तळाचा गाळ, कुजणारी पानं आणि येऊन पडलेला सगळा मळ तिथला प्राणवायू खाऊन टाकतात. वर चटका, खाली घुसमट. मधे एक पट्टा उरतो, जिथे पाणी सोसवेल इतकं गार असतं आणि श्वास पुरेल इतका प्राणवायू असतो.

मोकळ्या पाण्यातल्या माशाला हाच आडोसा. डोळ्यांना न दिसणारा, पण दगडाच्या कपारीइतकाच खरा.

मत्स्यपालनाच्या पुस्तकात तळ्याचे तीन मजले सांगतात: वरच्यावर कटला, मधल्यावर रोहू, तळाला मृगळ. तिघांची तोंडंही तशीच. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर उघडणारं. मृगळाचं तोंड खाली वळलेलं. एकाच तळ्यात तिघे वाढतात ते या वाटणीमुळे, कुणी कुणाच्या पानातलं खात नाही. पण मे महिन्यातल्या दुपारी मजल्यांची ही पाटी फारशी कुणी पाळत नाही. कटला चटका चुकवायला थोडा उतरतो, मृगळ घुसमट चुकवायला थोडा चढतो. जॉबरची एक वाव नि हातभर म्हणजे त्याने या गर्दीचा काढलेला अंदाज. आदल्या दिवशी वारा होता का, रात्री उकाडा किती होता, पहाटे पाण्यावर माशांचे बुडबुडे किती दिसले, यावर तो गाठ चार बोटं वर किंवा खाली सरकवतो. चार बोटांवर एवढा खल कशाला, असं ज्याला वाटतं त्याने त्याच्याबरोबर एक सकाळ बसून पाहावं.

कटल्याला पकडायची रीतही या मधल्या पाण्यानेच ठरवली आहे. कटला आमिषावर झडप घालत नाही. तो पाणी तोंडात घेतो, कल्ल्यांमधल्या दाट चाळणीतून गाळतो आणि त्यातले सूक्ष्म जीव ठेवून घेतो. अशा माशाला गांडूळ दाखवून काय होणार? म्हणून भाजलेलं बेसन, तांदळाचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, थोडा पाव असं मळून लिंबाएवढा गोळा करतात आणि त्याच्याभोवती बारीक गळ टोचून ठेवतात. गोळा मधल्या पाण्यात लटकला की हळूहळू विरघळू लागतो. त्याचा एक गढूळ ढग तयार होतो. कटला त्या ढगातून पाणी पीत जातो आणि त्या घोटाबरोबर एखादा गळ आत जातो. गोळा फार घट्ट मळला तर ढग होत नाही, सैल मळला तर फेकतानाच फुटतो. मळण्याचं हे माप जॉबरने कधी कुणाला शब्दांत सांगितलेलं नाही. पुतण्याचा हात धरून गोळ्यात दाबतो आणि म्हणतो, "एवढं. कळलं?"

दुसरा नियम तो शब्दांत सांगतो: आमिष माशाच्या वर असावं. तळाशी चरणारा मासा खाली बघतो, पण मधे थांबलेला मासा वरच्या उजेडाकडे बघतो. वरून जाणाऱ्या गोष्टीची सावली त्याला दिसते, खालच्या अंधारातली गोष्ट दिसत नाही. खोलीचा अंदाज चुकायचाच असेल तर तो वरच्या बाजूला चुकू द्यावा. परदेशात लार्जमाउथ बास नावाच्या माशामागे लागलेले लोक हेच सांगतात. तो मासा उत्तर अमेरिकेचा. १९२५ मध्ये तो जपानच्या आशी सरोवरात नेऊन सोडला गेला, पुढे तिथे फोफावला, आणि २००९ च्या जुलैत बिवा सरोवरात सापडलेल्या १० किलोंहून थोड्या जास्त वजनाच्या बासने अमेरिकेतल्या १९३२ च्या विक्रमाशी बरोबरी केली. काठ सोडून मोकळ्या पाण्यात लटकलेला बास हा तिकडच्या गळवाल्यांचा कायमचा छळ. तो दिसत नाही, आडोशाला नसतो, आणि कित्येकदा भुकेलाही नसतो, नुसता थांबलेला असतो. वऱ्हाळ्यात बास नाही. छळ मात्र तोच आहे, आणि त्यावरचा उपायही तोच: थर ओळखणं आणि वाट पाहणं.

वऱ्हाळ्यातला कटला तरी मूळचा इथला कुठे आहे? गंगेच्या खोऱ्यात या माशाचं खरं राज्य. तो वाहत्या, फुगलेल्या नदीत अंडी घालतो. बांधलेल्या तळ्यात घालत नाही. त्यामुळे एके काळी त्याची पिल्लं नदीतूनच गोळा करून आणावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून गंगेकाठच्या या कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. पुढे देशभर मत्स्यबीज केंद्रं निघाली आणि कटला प्लास्टिकच्या पिशवीत बसून कुठेही जाऊ लागला. भिवंडीलाही त्याच गंगेच्या खोऱ्यातून माणसं आली आहेत. १८५७ च्या उठावानंतरच्या होरपळीत उत्तरेतले मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले, त्यातले पुष्कळ इथे थांबले आणि त्यांनी हातमाग मांडले. विसाव्या शतकात त्यांचे यंत्रमाग झाले. जॉबरने ज्यांच्या मागांची नाडी चाळीस वर्षं पाहिली, त्यांतल्या कित्येकांचे पणजोबा कटल्याच्या गावचे. तलावाच्या काठावर त्याच्या शेजारी गळ टाकून बसणाऱ्यांत त्यांची नातवंडं असतात. गोळ्यात बडीशेप घालावी की नाही यावरून त्याचा आणि त्यांचा वाद कित्येक उन्हाळे चालला आहे.

बास मात्र भिवंडीला अगदीच परका नाही. शहराच्या दक्षिण अंगाला खाडी आहे, उल्हास नदीचं पाणी घेऊन वसईकडे जाणारी, आणि त्या खाडीत जिताडा आहे. हॉटेलांच्या पाटीवर ज्याला सी बास म्हणतात तो हाच. बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामंडी. लग्नाच्या जेवणात येणारा बासा वेगळा, नावाच्या सारखेपणाने फसू नये. तो पंगस, बाजारात ज्याला पंकज म्हणतात ती शिंगटीच्या जातकुळीतली मासळी. जिताडा शिकारी. त्याचं सारं आयुष्य मधल्या जागांत जातं. जन्म खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात, पावसाळी उधाणाच्या सुमारास. पिल्लं भरतीवर स्वार होऊन आत येतात, खाजणांत, भाताच्या खाचरांत, गोड्या पाण्यापर्यंत चढतात. वाढून पुन्हा खाऱ्याकडे उतरतात. तरुणपणी तो नर असतो आणि बऱ्याच वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, मादी होतो. अलिबाग-पेणकडचे शेतकरी त्याची पिल्लं आणून तळ्यात वाढवतात. चेन्नईच्या निमखारे पाणी मत्स्यशेती संस्थेने १९९७ मध्ये त्याची अंडी बंदिस्त पाण्यात मिळवली आणि कटल्याच्या पाठोपाठ चाळीस वर्षांनी तोही हॅचरीत आला.

बाळकूम आणि काशेळीच्या मधे खाडीवर पूल आहे. पुलावरून ठाणे-भिवंडी वाहतूक अहोरात्र चालते, गोदामांकडे जाणारे कंटेनर एकामागे एक. खाली खांबांना पाणी आपटतं आणि प्रत्येक खांबामागे एक शांत खिसा तयार होतो. जिताडा त्या खिशात उभा राहतो, तळ सोडून, पृष्ठाच्या खाली, तोंड प्रवाहाकडे करून. खाडीचं पाणीही थरांचं असतं. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वरून खाली उतरतं. समुद्राचं खारं पाणी जड, ते भरतीबरोबर खालून वर सरकतं. पावसाळ्याच्या अखेरीस तर दोन्हींमधली सीमा हाताला जाणवावी इतकी ठळक असते. बोय, कोळंबी त्या सीमेवर गोळा होतात आणि त्यांच्यामागे जिताडा. जिवंत कोळंबी बुचाखाली सोडायची, प्रवाहाने ती खांबाजवळून न्यायची, आणि पाणी फिरायच्या घडीला सावध राहायचं.

पाणी कधी फिरणार याचं जॉबरच्या वडिलांचं गणित घड्याळाशिवायचं होतं. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. मुंबईच्या बंदराला हे लागू पडतं. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर त्यात मिळवायचा. भरतीओहोटीची तक्ती आता फोनवर येते, तरी जॉबर आधी बोटांवर मोजतो आणि मग फोनकडे बघतो.

याच खाडीत पूर्वी डुबीवाले उतरत. रेती काढणारे. होडीतून दांड्याला धरून बुडी मारायची, श्वास रोखून तळ गाठायचा, घमेलं-बादली रेतीने भरायची आणि वर यायचं. दिवसातून कितीतरी वेळा. पुढे सक्शन पंप आले आणि तळाचे खड्डे खोल होत गेले. जॉबरच्या गावात डुबीवर गेलेली माणसं होती. ती सांगत, की वरचं पाणी कोमट लागायचं, मग एका ठिकाणी अंगावर एकदम गारवा यायचा, आणि तळाला तर काहीच दिसायचं नाही. मधल्या पाण्याचा थर अंगाच्या कातडीने मोजलेली ही माणसं. त्यांच्यापैकी कुणीही तिथे थांबलं नाही, कारण श्वास तेवढाच होता. थांबणं काय असतं ते मासाच सांगू शकला असता.

पुतण्याकडे आता एक चेंडू आहे. तंगुशीला बांधून तो पाण्यात फेकायचा. तो आवाजाच्या लहरी खाली सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी फोनच्या पडद्यावर उमटतो. तळाची जाड रेघ, आणि तिच्यावर कुठेतरी मधेच कमानीसारखी खूण. तो मासा. या खुणेतला मोठा वाटा माशाच्या मांसाचा नसतो, बोताचा असतो; पाण्यातून आलेली लहर हवेच्या पिशवीवरून जोरात परतते. म्हणजे यंत्रालाही मासा दिसतो तो ज्या अवयवामुळे तो अधांतरी राहतो, त्याच अवयवामुळे.

हे तंत्र युद्धकाळात घडलं, आणि तेव्हाची एक हकीकत जॉबरला सांगितल्यापासून तो ती सारखी आठवतो. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे खोल समुद्रात प्रतिध्वनीचे प्रयोग चालू असताना शास्त्रज्ञांना काहीशे मीटरांवर एक तळ दिसू लागला. नकाशाप्रमाणे तिथे तळ असायला नको होता. समुद्र त्याहून कितीतरी खोल होता. आणि हा तळ रात्री वर यायचा, दिवसा खाली जायचा. तीन वर्षांनी, १९४५ मध्ये, मार्टिन जॉन्सन या जीवशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की तो तळ नव्हताच. ते जिवंत प्राणी होते, मधल्या पाण्यात अगणित संख्येने लटकलेले, अंधार पडला की चरायला वर येणारे आणि उजाडताच पुन्हा खोल उतरणारे. जगातल्या सगळ्या महासागरांत असा थर आहे. "म्हणजे ठाव लागला वाटला, तो जिवंत निघाला," जॉबर म्हणाला, आणि बराच वेळ बुचाकडे बघत राहिला.

मधल्या पाण्याची काळजी करायला मात्र महासागरापर्यंत जायला नको. १९८५ मध्ये चार्ल्स कौटंट या अमेरिकी शास्त्रज्ञाने टेनेसीकडच्या जलाशयांत उन्हाळ्यात मोठमोठे स्ट्राइप्ड बास का मरतात याचा उलगडा मांडला. प्रौढ माशाला साधारण पंचवीस अंशांच्या आतलं पाणी लागतं. उन्हाळ्यात तापलेला वरचा थर खाली सरकत येतो. त्याच वेळी खालचं प्राणवायू नसलेलं पाणी वर चढत येतं. मधला पट्टा पातळ होत होत कुठेकुठे नाहीसाच होतो. माशांना रोगाने किंवा विषाने गाठलेलं नसतं. छत खाली आलेलं असतं आणि जमीन वर आलेली असते.

हे वाचलं की वऱ्हाळा डोळ्यांपुढे येतो. आपले मासे पंचवीस अंशांहून जास्त उष्ण पाणी सोसतात, पण चिमटा तोच आहे, आणि शहरातल्या तलावात तो दोन्ही बाजूंनी आवळणारी कारणं आपण पुरवतो. सांडपाणी आलं की शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री तेच खातं, आणि पहाटेपर्यंत पाणी रितं होतं. मूर्तींची माती, निर्माल्य, कचरा तळाला बसतो आणि घुसमटीचा थर जाड करतो. जलपर्णी वरून झाकण घालते. कामवारी नदीत तर रंगाई-धुलाईचं पाणी उतरतं आणि ती तशीच खाडीला मिळते, जिताड्याच्या वाटेवर. काठावरून बघणाऱ्याला तलाव भरलेला दिसतो. पाणी आहे, मग काय गेलं? गेलेली असते ती मधली राहण्याजोगी जागा, आणि ती काठावरून कधीच दिसत नाही. एखाद्या तलावाचं सुशोभीकरण म्हणून काठाला फरशी, कठडा आणि दिवे लागतात तेव्हा वाईट वाटतं ते याचंच. सगळी माया काठाला मिळते.

जून लागला. पहिला मोठा पाऊस रात्री पडला, त्याआधी दोन दिवस आभाळ भरून होतं. ढगांमुळे शेवाळाने प्राणवायू केला नव्हता. गार पावसाच्या आणि वाऱ्याच्या तडाख्याने थर मोडले आणि खालचं घुसमटलेलं पाणी वरपर्यंत मिसळलं. सकाळी जॉबर पुतण्याला घेऊन तलावावर आला तेव्हा काठाकाठाने माशांची तोंडं पाण्याबाहेर आलेली होती. चिलापी, रोहू, आणि एरवी मोकळ्या पाण्यातून न हलणारे हातहातभर कटले पायऱ्यांपर्यंत आलेले, वरच्या बोटभर पाण्यातली हवा ओढत. पोरं टोपल्या, ओढण्या, मिळेल ते घेऊन धावली होती. गळाची गरजच नव्हती.

"काका, चल ना, बघ केवढाले!" पुतण्या पॅन्ट वर दुमडत म्हणाला.

"नको. दम लागलाय त्यांना."

त्याने पिशवी उघडलीच नाही. पायरीवर बसून राहिला. नऊच्या सुमारास ऊन पडलं, वारा आला, आणि जी वाचली होती ती तोंडं एकेक करून दिसेनाशी झाली. कुठे गेली ते पुतण्याने विचारलं. जॉबरने हात लांब करून तलावाच्या मोकळ्या अंगाकडे दाखवलं.

चार दिवसांनी ते पुन्हा आले. तलावाचं पाणी वाढलेलं, गढूळ, सगळीकडे सारखंच कोमट. एक वाव नि हातभरवर बूच तासभर हललं नाही. जॉबरने तंगूस गुंडाळली, दातांनी जुनी गाठ सोडवली आणि पुतण्याच्या हातात दिली. पोराचे हात अजून आखूड आहेत, त्याची वाव बापयाच्या वावेपेक्षा कमी भरते. त्याने हात ताणले, छाती पुढे काढली, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"किती ठेवू, काका?"

"तू सांग."

पोराने पाण्याकडे पाहिलं, वाऱ्याकडे पाहिलं, आणि अर्ध्या वावेवर गाठ मारली.

बूच लांब जाऊन पडलं, क्षणभर आडवं राहिलं आणि उभं झालं.